बत्तासा आणि विटेचा भुगा

रात्रीची जेवणं आटोपली की एखाद्या घरात स्टीलच्या वाटीचा आवाज येतो. चमच्याच्या पाठीनं गोळी चिरडली जात असते. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून वडिलांच्या घशाखाली गोळी उतरत नाही. पाणी उतरतं, गोळी जिभेच्या मागं तशीच राहते, मग ठसका लागतो आणि डोळे पाण्यानं भरतात. म्हणून मुलगी गोळी कुटते, पूड मधात कालवते किंवा केळ्याच्या कापावर पसरते आणि भरवते. बीपीची गोळी एकही दिवस चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं आणि ती चुकतही नाही. पण वाटीच्या तळाला पांढरा थर राहतो, चमच्याला थोडी पूड चिकटते आणि भांडी घासताना ती मोरीत जाते. गोळीत औषधच मुळात पाच मिलिग्रॅम. त्यातलं पोटात किती गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. पार्किन्सन्समध्ये तो हळूहळू वाढत जातो. उतारवयात तोंडाला कोरड पडते आणि धडधाकट माणसालाही गोळी नकोशी वाटू लागते. पक्षाघाताचं सर्वांत मोठं कारण उच्च रक्तदाब आहे, हे लक्षात घेतलं की या वाटी-चमच्यामागची अडचण नीट कळते. ज्या आजारासाठी गोळी जन्मभर घ्यायची, तोच आजार एखाद्या दिवशी ती गिळण्याची ताकद काढून घेतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियॅब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे.

मग जिभेवर ठेवताच विरघळणारी गोळी का नको? उलटी थांबवणारी ऑन्डॅनसेट्रॉनची गोळी अशी मिळते. मेडिकलच्या काउंटरवर तिला ‘एमडी’, म्हणजे माउथ डिझॉल्व्हिंग, म्हणतात. रक्तदाबाच्या औषधांसाठीही औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षं खटपट करत आहेत. मात्र या खटपटीत एकाच वेळी दोन कामं साधावी लागतात आणि ती दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालतात.

फुटणं वेगळं, विरघळणं वेगळं

लक्ष्मीपूजनाच्या ताटातला बत्तासा जिभेवर ठेवून पाहा. क्षणभर खरखरीत लागतो आणि लगेच ढासळतो. साखरेच्या पाकात हवा कोंडलेली असते. लाळ छिद्राछिद्रांतून आत शिरते आणि पोकळ भिंती कोसळतात. भिंती साखरेच्याच असल्यामुळं कोसळता कोसळता त्या विरघळूनही जातात. डोळ्यांना ही एकच घटना दिसते, प्रत्यक्षात त्या दोन आहेत.

आता असा बत्तासा डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या पाकात विटेचा बारीक भुगा मिसळला आहे. तोही तितक्याच झटकन ढासळेल, साखर निघून जाईल आणि भुगा जिभेवर राहील. रक्तदाबाची कितीतरी औषधं या भुग्यासारखी आहेत. ही केवळ उपमा नाही. घट्ट स्फटिकात बांधलेल्या, पाण्यात न विरघळणाऱ्या रेणूंना औषध-संशोधक आपसांत ‘ब्रिक डस्ट’च म्हणतात.

गोळीचे कण सुटे होण्याला औषधनिर्माणशास्त्रात डिसइंटिग्रेशन म्हणतात. सुट्या कणांतून एकेक रेणू पाण्यात उतरण्याला डिसोल्युशन म्हणतात. आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातो तो विरघळलेला रेणू. कण कितीही बारीक असला तरी तो आत शिरत नाही. तोंडात एका वेळी असते चमचाभरापेक्षाही कमी लाळ. तेवढ्या ओलाव्यात गोळी फुटते, तिचा लगदा लाळेबरोबर घशाखाली जातो आणि औषधाची खरी कसोटी पुढं पोटात लागते. ‘जिभेवर विरघळणारी’ हा शब्द वेष्टनावर छान दिसतो, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘जिभेवर फुटणारी’ एवढाच असतो.

विरघळण्याचा वेग कशावर ठरतो, हे १८९७ मध्ये आर्थर नॉइज आणि विलिस व्हिटनी यांनी दाखवून दिलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी बेन्झोइक आम्ल आणि लेड क्लोराइड या दोन मंद विरघळणाऱ्या पदार्थांच्या कांड्या पाण्यात फिरवल्या आणि मोजमाप केलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या मुलांना पाठ असतं. पाण्याला भिडणारा पृष्ठभाग जितका मोठा आणि पदार्थाची मुळातली विद्राव्यता जितकी जास्त, तितका वेग जास्त. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते ती पृष्ठभागामुळं. पण विटेचं पीठ केलं तरी वीट साखरेसारखी विरघळत नाही, कारण तिथं मुळातली विद्राव्यताच तोकडी आहे.

पुढं १९९५ मध्ये गॉर्डन अमिडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या औषधांची चार गटांत वाटणी सुचवली. त्यात दोनच प्रश्न विचारले जातात. औषध विरघळतं का? आणि आतड्यातून आत जातं का? औषधाचा सर्वांत मोठा डोस २५० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर, पाण्यात विरघळला तर ते पास. दुसऱ्या गटातली औषधं आतड्यातून सहज आत जातात, पण विरघळता विरघळत नाहीत. टेल्मिसार्टन, कँडेसार्टन, फेलोडिपिन, निफेडिपिन, कार्वेडिलॉल ही रक्तदाबावरची औषधं याच रांगेत बसतात.

या मोजणीत डोसाला किती महत्त्व आहे, ते मुंबईच्याच एका जुन्या गोष्टीतून कळतं. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबावरचे परिणाम मांडले आणि जगाचं लक्ष या भारतीय वनस्पतीकडे वळलं. तीन वर्षांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. रेसर्पिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पण त्याचा डोस मिलिग्रॅमच्या पाव भागाएवढा. इतक्या चिमटीला पोटातलं पाणी पुरून उरतं. टेल्मिसार्टनच्या एका गोळीत मात्र चाळीस किंवा ऐंशी मिलिग्रॅम औषध असतं, तिथं ही सवलत नाही.

नेमकं तेच आम्ल वर्ज्य

महाराष्ट्रात आज बीपीची गोळी म्हटलं की बहुतेक वेळा अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन किंवा दोन्ही असतात. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. मोजकी औषधं, ठरलेला क्रम आणि महिन्याच्या गोळ्या एकदम हातात, अशी त्याची साधी पद्धत.

या दोन औषधांतलं टेल्मिसार्टन हे हट्टी औषध. त्याच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकातलं एक वाक्य मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे. आम्लता मोजण्याच्या मापावर तीनपासून नऊपर्यंतच्या टापूत ते जवळपास अविद्राव्य आहे. तीव्र अल्कलीत विरघळतं. तीव्र आम्लात थोडंफार विरघळतं, पण हायड्रोक्लोरिक आम्लात नाही. आणि माणसाच्या जठरात नेमकं तेच आम्ल असतं! पुढं आतड्यातलं पाणी मापावर पाच ते सात-साडेसात. म्हणजे जठरात थारा नाही आणि आतड्यातही नाही.

मूळ कंपनी बोहरिंगर इंगेलहाइमनं यावर काढलेला तोडगा सरळ होता. औषधाबरोबर गोळीतच अल्कली घालायची. घटकांच्या यादीत सोडियम हायड्रॉक्साइड आणि मेग्लुमिन ही नावं दिसतात ती त्यासाठी. गोळी ओली झाली की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा अल्कलीयुक्त पापुद्रा तयार होतो आणि त्यात टेल्मिसार्टन विरघळून निघतं. विचार साधा आहे, कामही चोख होतं.

पण अल्कली हवेतलं पाणी ओढते. म्हणूनच त्या माहितीपत्रकात रुग्णाला सांगितलेलं असतं की गोळी घेण्याच्या क्षणापर्यंत पाकिटातून बाहेर काढू नका. आपल्याकडं मात्र रविवारी सकाळी आठवड्याच्या सगळ्या गोळ्या कापून, सोमवार ते रविवार असे कप्पे असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत भरण्याची पद्धत रुजली आहे. मुलं परगावी असतात, आईवडिलांचा गोंधळ होऊ नये, हा त्यामागचा जिव्हाळा. कोकणातल्या श्रावणात त्या डबीत टेल्मिसार्टन चार दिवस उघडं पडलं, तर गोळी दमट होऊन तिचा कस बिघडू शकतो. डबी वापरायचीच असेल तर पट्टी कात्रीनं चौकोन पाडून कापावी आणि गोळी तिच्या फॉइलसकट कप्प्यात ठेवावी.

या गोळीला जिभेवर फुटणारं रूप द्यायचं ठरवलं की पहिला पेच इथंच पडतो. जिभेवर फुटण्यासाठी गोळीला पाण्याची ओढ हवी. औषध विरघळावं म्हणून घातलेल्या अल्कलीलाही पाण्याचीच ओढ. दोन्ही एकत्र आल्या की गोळी पट्टीतच हवा पिऊ लागते. शिवाय गिळायच्या गोळीत जी अल्कली जिभेला कळतही नाही, ती तोंडात फुटणाऱ्या गोळीत लपून राहत नाही.

पाकात पिळलेलं लिंबू

म्हणून संशोधक दुसऱ्या वाटा धुंडाळतात. त्यातली सर्वांत फलदायी वाट मराठी स्वयंपाकघरात रोजच्या ओळखीची आहे.

लाडवाचा पाक करताना सुगरण त्यात लिंबाचे दोन थेंब पिळते. तसं केलं नाही तर पाक पुन्हा रवाळ होतो, साखर धरते. गरम पाकात साखरेचे रेणू विस्कळीत, मोकळे असतात. थंड होताना त्यांना पुन्हा शिस्तीत रांगा लावून स्फटिक बनायचं असतं. लिंबातलं आम्ल काही साखरेचे तुकडे करतं आणि ते तुकडे रांगेत मध्येच उभे राहून शिस्त मोडतात. पाक मऊ राहतो.

विटेच्या भुग्याचा मूळ दोष हा की रेणू स्फटिकात एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. पाण्यानं त्यांना एकेक करून सोडवावं लागतं. टेल्मिसार्टनचा स्फटिक वितळवायला अडीचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापमान लागतं, यावरून ती पकड किती घट्ट आहे हे लक्षात येईल. मग स्फटिकच मोडायचा. औषध आणि एखादा पाण्याला धार्जिणा पॉलिमर एकाच द्रावणात विरघळवायचा आणि गरम हवेत फवारून क्षणात वाळवायचा. नाहीतर दोन्ही एकत्र तापवून, मळून, शेवेच्या सोऱ्यातून पिळावं तसं यंत्रातून बाहेर काढायचं. औषधाचे रेणू पॉलिमरच्या जाळ्यात विखुरले जातात आणि त्यांना रांग लावायला जागाच उरत नाही. याला सॉलिड डिस्पर्शन म्हणतात. जपानमध्ये सेकिगुची आणि ओबी या संशोधकांनी १९६१ मध्ये सल्फाथायझोल हे औषध युरियाबरोबर वितळवून या वाटेवरचं पहिलं पाऊल टाकलं.

पाकातल्या लिंबासारखं काम करणारे पॉलिमर अनेक आहेत. आपल्या प्रयोगशाळांत पीव्हीपी आणि पीईजी ही दोन नावं सतत कानावर पडतात. अडचण अशी की पीव्हीपी हा मुळात उत्तम चिकटवणारा पदार्थ. साध्या गोळ्या घट्ट बांधण्यासाठी तोच वापरतात. औषध विरघळावं म्हणून तो भरपूर घातला की जिभेवर फुटायची गोळी फुटतच नाही, जिभेवर चिकट गोळा तयार होतो. गंमत म्हणजे त्याच पीव्हीपीच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या की क्रॉसपोव्हिडोन बनतं आणि ते गोळी फोडणाऱ्या पदार्थांतलं अव्वल मानलं जातं. एकाच घराण्यातले दोन भाऊ, एक बांधणारा आणि एक फोडणारा. दोघांचं प्रमाण जुळवण्यातच कित्येकांची एम.फार्म.ची दोन वर्षं जातात.

मोडलेला स्फटिक कायमचा मोडलेला राहील याचीही खात्री नसते. एचआयव्हीवरच्या रिटोनाविर या औषधाचा अनुभव या क्षेत्रातला प्रत्येक जण सांगतो. औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, कॅप्सूलमधल्या द्रावणात अचानक एक नवाच, अधिक स्थिर आणि कमी विरघळणारा स्फटिक दिसू लागला. कॅप्सूल विद्राव्यतेच्या चाचणीत नापास होऊ लागल्या आणि कंपनीला त्या बाजारातून मागं घ्याव्या लागल्या. रेणू तोच होता, फक्त त्याची रांग बदलली होती. म्हणून सॉलिड डिस्पर्शनची गोळी ४० अंश तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

आणखी एक वाट स्टार्चमधून जाते. स्टार्चवर विकरांची प्रक्रिया केली की ग्लुकोजच्या सात एककांचं कडं बनतं, ते बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन. बुरडाच्या बिनबुडाच्या टोपलीसारखा त्याचा आकार. आतली पोकळी पाणी टाळणारी, बाहेरची बाजू पाण्याला आपलं म्हणणारी. औषधाचा रेणू आत बसतो आणि टोपली त्याला पाण्यात घेऊन जाते. जाताना कडवटपणाही झाकते, हा मोठाच फायदा. पण टोपली रेणूपेक्षा जड असते. चाळीस मिलिग्रॅम टेल्मिसार्टनसाठी, एका रेणूला एक टोपली असा हिशेब धरला, तरी सुमारे ८८ मिलिग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन लागतं. प्रत्यक्षात कधी त्याहून जास्त. डोस लहान असेल तर ही वाट फार सुखाची आहे.

चिकटणारं मीठ

अम्लोडिपिनची गोष्ट वेगळी. इथं तोडगा निघाला तो योग्य मीठ, म्हणजे क्षार, निवडून. मूळ रेणू अल्कलीसारखा वागतो, त्यामुळं आम्लाबरोबर त्याचे क्षार बनवता येतात. फायझर कंपनीनं आधी मॅलेएट क्षार निवडला. तो नीट टिकेना आणि गोळ्या दाबताना यंत्राच्या पंचांना चिकटू लागला. कारखान्यात याला ‘स्टिकिंग’ म्हणतात. प्रत्येक ठोक्याला गोळीचा पापुद्रा पंचावर राहतो आणि पुढची गोळी खवल्यासारखी निघते. मग वेगवेगळी आम्लं घेऊन क्षार बनवून पाहिले गेले. पुरेशी विद्राव्यता, टिकाऊपणा, हवेतलं पाणी न ओढणं आणि पंचाला न चिकटणं या चार कसोट्यांवर बेसिलेट उतरलं. आज आपल्या पट्टीवर ‘अम्लोडिपिन बेसिलेट’ असं छापलेलं असतं ते त्यामुळं. पुढं याच निवडीवर पेटंटचा खटला झाला आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानं ते पेटंट रद्द ठरवलं. जाणकार रसायनशास्त्रज्ञाला ही निवड सुचण्यासारखीच होती, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

डोस लहान आणि क्षार बऱ्यापैकी विरघळणारा. त्यामुळं अम्लोडिपिनची जिभेवर फुटणारी गोळी करताना लढाई उरते ती मुख्यतः कडवटपणाशी. जपाननं ती कधीच जिंकली आहे. तिथं दर दहा माणसांत जवळजवळ तीन जण पासष्टीच्या पुढचे. अम्लोडिपिन आणि ओल्मेसार्टनसारखी रक्तदाबाची औषधं तिथं जिभेवर फुटणाऱ्या गोळ्यांच्या रूपात सर्रास मिळतात आणि त्यांच्या नावापुढं ‘ओडी’ ही अक्षरं असतात.

वात, कापूर आणि गोठवलेला फेस

गोळीचा बत्तासा बनवण्याच्या पद्धती ऐकताना दिवाळीचं सामानच समोर मांडल्यासारखं वाटतं.

इंग्लंडमधल्या स्विंडन इथल्या कारखान्यात बनणारी ‘झायडिस’ ही गोळी मुळी दाबून बनवतच नाहीत. औषध, जिलेटिन आणि मॅनिटॉल यांचं पातळ मिश्रण पाकिटाच्या खळग्यात थेंबाथेंबानं भरतात, तिथंच गोठवतात आणि निर्वातात बर्फाची थेट वाफ करून काढून घेतात. उरतो तो हलका, सच्छिद्र फेस. जिभेवर तीनेक सेकंदांत नाहीसा होतो. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत या तंत्रानं बनवलेल्या, सर्दी-शिंकांवरच्या लोराटाडिनला परवानगी मिळाली आणि हा प्रकार घरोघर पोहोचला. या तंत्राला पाण्यात न विरघळणारी औषधंच जास्त मानवतात, कारण ती मिश्रणात नुसती तरंगत राहतात आणि गोठताना गडबड करत नाहीत. फुटणं आणि विरघळणं या किती स्वतंत्र गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

पण ही यंत्रणा महाग आणि गोळी इतकी नाजूक की फॉइलमधून बोटानं ढकलली तर चुरा होतो, वरचा कागद सोलूनच ती काढावी लागते. भारतातल्या कारखान्यांत गोळ्या दाबणारी रोटरी यंत्रं आहेत, त्यामुळं आपल्याकडचा सगळा भर त्याच यंत्रावर बत्तासा करण्यावर असतो. त्यासाठी गोळीत सुपरडिसइंटिग्रंट घालतात. क्रॉसपोव्हिडोन पणतीतल्या वातीसारखं काम करतं, लाळ आत शोषून घेतं. बटाट्याच्या स्टार्चपासून बनणारं सोडियम स्टार्च ग्लायकोलेट साबुदाण्यासारखं फुगतं आणि गोळीला आतून रेटा देतं. क्रॉसकारमेलोज दोन्ही थोडं थोडं करतं. सोबत मॅनिटॉल असतं. ते विरघळताना उष्णता शोषतं, म्हणून अशी गोळी जिभेला गार लागते.

आणि कापूर! औषधाच्या मिश्रणात कापराची पूड मिसळून गोळी दाबायची आणि मग ती निर्वात ओव्हनमध्ये साठेक अंशांवर ठेवायची. आरतीच्या ताटातला कापूर उघडा राहिला तर जसा उडून जातो, तसाच तो गोळीतून उडून जातो आणि मागं छिद्रांचं जाळं सोडतो. थोडाही कापूर उरला तर वास आणि चव लपत नाही, म्हणून वजन स्थिर होईपर्यंत गोळ्या ओव्हनमध्येच राहतात.

सहा भांडी, सदतीस अंश

महाराष्ट्रातल्या कुठल्याही औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत गेलं की एका कोपऱ्यात पाण्याच्या टाकीत बुडवलेली सहा काचेची भांडी दिसतात. प्रत्येकात ९०० मिलिलिटर द्रव, तापमान सदतीस अंश, वरून फिरणारी वल्ही. भांड्यात गोळी टाकली की घड्याळ सुरू. ठरलेल्या मिनिटांना पिचकारीनं पाच मिलिलिटर द्रव काढायचा, तेवढाच ताजा द्रव परत घालायचा, गाळायचं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये किती औषध उतरलं ते वाचायचं. सहा भांड्यांची वेळ सांभाळताना विद्यार्थ्याला मान वर करायला फुरसत नसते.

शेजारच्या टेबलावर साध्या चाचण्या चालतात. काचेच्या बशीत घडी घातलेला टिश्यू पेपर, त्यावर रंगीत पाणी आणि मधोमध गोळी. रंग गोळीच्या माथ्यावर चढायला किती सेकंद लागले ते मोजायचं. एका फिरत्या डब्यात गोळ्या शंभर वेळा आपटायच्या. वजनात एक टक्क्याहून जास्त घट चालत नाही. झटकन फुटणारी गोळी इथं हमखास अडखळते. जास्त दाबून घट्ट केली तर जिभेवर फुटत नाही आणि सैल ठेवली तर पट्टीतच तिचा भुगा होतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २००८ मध्ये सांगितलेली मर्यादा साधारण तीस सेकंदांची, गोळीचं वजनही शक्यतो ५०० मिलिग्रॅमच्या आत. युरोपात तीन मिनिटांपर्यंत चालतं.

दहा मिनिटांत नव्वद टक्के औषध उतरलं की विद्यार्थी हरखून जातो. जाणता मार्गदर्शक तेव्हा एकच प्रश्न विचारतो, “मीडियम कोणतं घेतलंस?” हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. भांड्यातल्या पाण्यात साबणासारखं सोडियम लॉरिल सल्फेट घातलं तर विटेचा भुगाही विरघळल्यासारखा दिसतो. टेल्मिसार्टनची ठरलेली चाचणी आम्लतेच्या मापावर ७.५ असलेल्या द्रवात होते, जठराच्या आम्लात नाही. अशा चाचण्या एका बॅचची दुसरीशी तुलना करायला उपयोगी पडतात. गोळी माणसात कशी वागेल, हे त्या सांगत नाहीत. ते कळतं निरोगी स्वयंसेवकांना गोळी देऊन, तासातासाला रक्त घेऊन. तो खर्च महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचा असतो. टेल्मिसार्टनच्या झटपट फुटणाऱ्या गोळ्यांवर आपल्याकडं ढीगभर प्रबंध आहेत. त्यांतले बहुतेक शेवटच्या आलेखापाशी थांबतात. या मुलांची मेहनत खरी आहे, तिला पुढचा जिना बांधून मिळायला हवा. कारखान्यांनी महाविद्यालयांकडून नुसती मनुष्यबळाची भरती न करता, कपाटात पडून राहिलेल्या प्रबंधांतली दोन-चार चांगली सूत्रं उचलून त्यांची माणसांवर रीतसर चाचणी केली, तर वाटी-चमच्याच्या आवाजाला काही उत्तर मिळेल.

झटपट गोळी, सावकाश औषध

‘फास्ट’ हा शब्द रक्तदाबाच्या बाबतीत फसवा आहे, आणि ही फसवणूक जिवावर बेतलेली आहे.

१९८० च्या दशकात आणि नंतरही काही वर्षं, बीपी खूप वाढलेला रुग्ण आला की निफेडिपिनच्या कॅप्सूलला सुईनं भोक पाडून आतला द्रव जिभेखाली पिळायचा प्रघात जगभर होता. आकडा पटकन खाली यायचा, सगळ्यांना हायसं वाटायचं. १९९६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात ग्रॉसमन, मेसर्ली आणि सहकाऱ्यांनी या प्रघातावर बंदीच घालावी, असं मांडलं. दाब एकाएकी कोसळल्यानं मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटला, पक्षाघात झाले, हृदयविकाराचे झटके आले, मृत्यूही झाले, अशा नोंदी त्यांनी समोर ठेवल्या. शिवाय हे औषध जिभेखालून फारसं शोषलंच जात नाही. परिणाम दिसायचा तो गिळल्या गेलेल्या द्रवाचा.

छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट महाराष्ट्रात घराघराला माहीत आहे. ते औषध तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात जातं आणि म्हणूनच मिनिटांत काम करतं. जिभेवर फुटणारी बीपीची गोळी तशी नाही. अम्लोडिपिन गोळीच्या कुठल्याही रूपात घेतलं तरी रक्तातली त्याची पातळी सहा ते बारा तासांनी शिखरावर जाते आणि ते पुढं दिवस-दिवस टिकतं. टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार आठवडे लागतात. त्यामुळं अशी गोळी हाती आली म्हणून आकडा वाढलेला दिसताच एक जास्तीची जिभेवर ठेवणं, हा धोका आहे. या गोळीची झटपट फक्त घशापुरती आहे.

जिभेवर फुटणारी बीपीची गोळी सहज मिळेपर्यंत अनेक घरांत गोळी कुटली जाणारच. साधी अम्लोडिपिनची गोळी कुटली तर थोडं औषध वाटीत राहतं, इतकंच. पण काही गोळ्या औषध दिवसभर थोडं थोडं सोडतील अशा रचलेल्या असतात. मेटोप्रोलॉल एक्सएल किंवा निफेडिपिन रिटार्ड कुटलं तर कित्येक तासांचं औषध एकदम अंगात उतरतं. म्हणून गोळी चमच्याखाली घेण्याआधी पट्टी उलटी करून नावापुढची अक्षरं वाचा. एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, रिटार्ड यांपैकी काही दिसलं, किंवा ‘ओडी’ दिसलं, तर ती गोळी कुटू नका. जपानच्या पाकिटावर ओडी म्हणजे तोंडात फुटणारी, आपल्या पट्टीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा. घरातल्या माणसाला गिळता येत नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि दुसरं औषध किंवा दुसरं रूप लिहून घ्या.